बेटावरचा गडगा

नोकरीत शेकडो केसेस हाताखालून गेल्या, बऱ्याच विसरलोही. पण कुवेतमधली ही एक अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि दोन हजार सालानंतर तिकडच्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. राहायला कुवेत शहराजवळच्या फिंतासला होतो.

तिथल्या एका ओसाड बेटाच्या किनाऱ्यावर दोन लांब दगडी भिंती होत्या. हजारो वर्षांपूर्वी माणसं हरणं हाकलत आणून या भिंतींमध्ये कोंडत आणि मारत. जागा सरकारी संरक्षणाखाली, पहारा आमच्या कंपनीचा. एका सकाळी पुरातत्त्व अधिकारी बाईंचा फोन आला. भिंतीला कोणीतरी हात लावला होता. संध्याकाळपर्यंत माणूस सापडला नाही, तर पोलिसांत तक्रार जाणार होती.

बोटीने गेलो. सवयीने वही काढली, पंचनाम्यासारखी नोंद सुरू केली आणि किती दगड गेले ते विचारलं. बाई म्हणाल्या, एकही गेलेला नाही. उलट, ढासळलेला सात-आठ हातांचा भाग कोणीतरी पुन्हा उभा केलाय, आणि इथे पडलेला दगडही हलवायचा नसतो. अशी केस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बेटावर पहारेकऱ्यांची खोली दुरुस्त करणारे पाच कामगार होते. एकेकाला बोलावून हिंदीत दरडावलं, दगडांशी छेडछाड कोणी केली? पाचही जण नाही म्हणाले. खोटं बोलणाऱ्याचे पाय आधी चुळबुळतात. इथे सगळे निवांत. मी परत जाऊन भिंतीपाशी उकिडवा बसलो. मोठे दगड बाहेरून, लहान दगड पोटात, फटींत ठोकलेल्या चिपा. चुना नाही, माती नाही. हा तर आमच्या कोकणात शेताभोवती रचतात तसा गडगा होता.

पाचांत राजापूरकडचा एक गवंडी होता. त्याला मराठीत सहज विचारलं, "गडगा झकास घातलाय. कोणाचा हात?"

"माझाच, साहेब," तो खुलून म्हणाला. "जेवायला तिथे बसायचो. पडलेला बघवेना."

दगडांना हात लावू नये असा फलक तिथे होता, पण अरबीत आणि इंग्रजीत. त्याला वाचता येत नव्हता. प्रकरण समजावून सांगितलं तसं त्याच्या ध्यानात आलं. व्हिसा रद्द होऊन घरी जायची पाळी होती. तो भिंतीकडे वळून म्हणाला, "कुठला दगड कुठून उचलला ते मला ठाऊक आहे. होता तसा करून देतो."

बाईंनी त्या ढासळलेल्या भागाचे जुने फोटो समोर धरले. तो एकेक दगड उचलून पूर्वीच्या जागी, पूर्वीच्याच कुशीवर ठेवत गेला. चार वाजेपर्यंत बाई हसायला लागल्या होत्या. तक्रार गेली नाही. पुढच्या महिन्यात खोदकामासाठी त्यांनी त्यालाच मागून घेतलं.

इतकी वर्षं मी संशयिताला काय बिघडवलंस, एवढंच विचारत आलो होतो. ज्याच्या मते त्याने काही बिघडवलेलंच नाही, तो त्या प्रश्नाला काय उत्तर देणार? त्यानंतर चौकशीला कोणी समोर आला की मी आधी विचारायचो, आज काय काय काम केलंस? उत्तरं लवकर यायची, आणि आवाज चढवावा लागायचा नाही.