मामांच्या पाठीसाठी

शमुवेल दादा गेल्याचं मला माझ्या मामांनी कळवलं. मी चाकणला पहिल्या शिफ्टमध्ये होतो आणि भोसरीहून त्यांचा फोन आला. "पिंट्या, तुझा दादा गेला रे... सकाळीच. हार्ट अटॅक." एवढं बोलून मामा ढसाढसा रडायला लागले. उभं आयुष्य लेथवर काढलेला माणूस, चर्चमध्ये दिसणार ते नाताळला, तेही जेवणाच्या वेळेला. दादांची बातमी त्यांना माझ्या आधी कशी लागली, हे सांगायचं तर माझी एक चोरी उघडी करावी लागेल. दादांना जाऊन तीन आठवडे झाले, आता करतो.

दादा कॉलेजच्या पोरांमध्ये पूर्णवेळ ख्रिस्ती सेवा करायचे, कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडून. पुनावळ्याच्या सोसायटीत हे काम कुणाला समजावणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. "विद्यार्थ्यांमध्ये असतो," म्हणाले की शेजारी समजायचे, क्लास घेतात. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा दहावीतल्या लेकीला घेऊनच आल्या आणि दादांनी नाही म्हणायच्या ऐवजी तिला वर्षभर बीजगणित शिकवलं. पोरगी पास झाली ती स्वतःच्या हिमतीवर. शनिवारी चार वाजता त्यांच्या हॉलमध्ये आम्ही इंजिनिअरिंगची दहा-बारा पोरंपोरी जमायचो. आधी वहिनींचे पोहे, मग बायबल, मग प्रार्थना. प्रार्थनेची रीत अशी की प्रत्येकानं आपली अडचण सांगायची आणि दुसऱ्या कुणीतरी "ही मी घेतो" म्हणून ती देवापुढे मांडायची. गणिताचा पेपर, होस्टेलचा रूममेट, घरच्यांनी बघितलेलं स्थळ... काहीही चालायचं. मी मात्र "माझं सगळं ठीक" म्हणून मोकळा व्हायचो. दादांची प्रार्थना तर इतकी लांबायची की पोहे खाऊन पुन्हा भूक लागायची.

सेकंड इयरला एका शनिवारी माण गावच्या मैदानावर आमची टेनिस बॉलची मॅच होती. दादांना फोन करून ठोकून दिलं, "मामांची पाठ धरलीय, उठता येत नाही, भोसरीला जातो." दादांनी फोनवरच प्रार्थना सुरू केली. मी पॅड बांधून 'आमेन' म्हटलं आणि पहिल्या बॉलवर आऊट झालो. पुढच्या शनिवारी पोहे झाले, तसे दादा उठले. "चला, मामांना भेटून येऊ." दोन रिक्षांत आम्ही आठ जण निघालो. मामांना फोन करावा तर दादा माझ्या मांडीला मांडी लावून बसलेले. मामांच्या घराखालच्या वर्कशॉपमध्ये शिरलो तेव्हा मामा चाळीस किलोचा लोखंडी जॉब छातीशी धरून लेथकडे निघाले होते. दादा दारात वाकून चप्पल काढत होते, त्यांना काही दिसलं नाही अशी माझी समजूत. त्यांच्या मागून मी कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं करून दाखवलं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागच्या फौजेकडे, जॉब हळूच खाली ठेवला आणि "आई गं" करत स्टुलावर बसले. दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बारा मिनिटं प्रार्थना केली.

तेव्हापासून मामांची पाठ शनिवारच्या यादीत कायमची जाऊन बसली. बॅचेस आल्या नि गेल्या. केरळची एक मुलगी मल्याळममधून त्या पाठीसाठी मागायची. मामांना कधी न पाहिलेली फर्स्ट इयरची पोरं डोळे गच्च मिटून कळवळायची. जर्मनीला गेलेला मित्र अजून मेसेज करतो, मामा कसे आहेत. दादा तर महिन्यातून एकदा भोसरीला जायचेच, दोघांची चांगली गट्टी जमली होती. मला मात्र ती पाठ खाऊ लागली.

कबुली द्यायला मी काही कमी धडपडलो नाही. पण दादांपुढे कुणाचंही वाक्य पुरं व्हायचं नाही. एकदा चहाच्या टपरीवर म्हटलं, "दादा, मामांबद्दल जरा बोलायचंय..." "वाढलं का दुखणं?" म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच डोळे मिटले. टपरीवालाही बिचारा हात जोडून उभा राहिला. मेसेज टाकायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. टाकला होता. 'मामांबद्दल खरं सांगायचंय' एवढं गेलं आणि उलट सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. प्रार्थनाच. गेल्या वर्षी दादा म्हणाले, "माझ्यानंतर शनिवार तू सांभाळ." मी शिफ्टची सबब सांगितली. खरं कारण हेच, की ज्यानं देवापुढे नऊ वर्षं खोटी पाठ दुखवत ठेवली, त्यानं त्या हॉलमध्ये कोणत्या तोंडानं बसायचं? दादा गेल्यावर वहिनींनीही शनिवार सांभाळशील का, म्हणून विचारलं. त्यांनाही मी शिफ्टच सांगितली.

परवाच्या शनिवारी मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, दादांना खरं कळलंच नाही हो." मामा हात पुसत म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगितलं मी त्याला. तुमी रिक्षात बसला, तो मागं राह्यला. म्हटलं, देवाच्या नावानं नाटक नको, पोरगं खोटं बोललंय. तर हसला. म्हणला, जॉब उचललेला मला दिसला. पण हे पोरगं स्वतःसाठी काय मागत न्हाई. तुमची हरकत नसंल तर नाव तुमचं घेतो, मागणं त्याच्यासाठी करतो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"त्यानं शब्द घेतला व्हता. दर म्हैन्याला इचारायचा, बोलला का काय? म्हणायचा, आपणहून सांगंल, वाट बघू. मागल्या म्हैन्यात मीच म्हटलं, अवो, ते बोलाया येतंय नि तुमी डोळं मिटून सुरू करता, ते बोलंल कसं? तर कपाळाला हात लावला त्यानं. म्हणला, आता आला की तोंड मिटून बसतो."

मला हसू आलं आणि मग रडू आलं, मामांसमोर, वर्कशॉपमध्येच. घड्याळात तीन वाजून गेले होते. गाडी काढली ती थेट पुनावळ्याला.

हॉलमध्ये नऊ पोरं होती. खिडकीजवळची दादांची खुर्ची कुणी हलवली नव्हती. अडचणी सांगता सांगता पाळी माझ्यावर आली. मी खुर्चीकडे बघून सगळं सांगितलं, मॅचपासून शिफ्टपर्यंत. दादांनी अर्ध्यातच अडवावं असं इतकं वाटलं मला... पण वाक्य पुरं झालं. मग कोपऱ्यातली फर्स्ट इयरची एक मुलगी, मला ओळखतही नव्हती, हळूच म्हणाली, "ही मी घेते."