साडेसातचा फोटो

नागू गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "शक्यच नाही." असं सगळेच म्हणतात, पण माझ्याकडे पुरावा होता. त्याच सकाळी साडेसातला त्याच्या बीपीच्या मशीनचा फोटो मला आला होता. एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. आणि दुपारी बाराला देवनहळ्ळीतल्या स्वतःच्या दुकानात, गिऱ्हाइकाला वायर मोजून देता देता तो खाली बसला, तो उठलाच नाही. मेंदूत रक्तस्राव झालाय, बीपी फार चढलेलं असणार, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमचं काहीतरी चुकतंय, हा बघा फोटो.

नागेश माझा धाकटा भाऊ. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, त्यामुळे मी त्याची ताई नव्हे, अक्का. आई लवकर गेली आणि त्याला दटावायचं काम माझ्याकडे आलं, ते मी तो छप्पन्नचा झाला तरी सोडलं नाही. विजेच्या सामानाचं त्याचं दुकान. टेस्टर लावून बघितल्याशिवाय तारेला बोटही लावायचा नाही. पण दोन वर्षांपूर्वी तो हेब्बाळला माझ्याकडे आला असताना मी सहज त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि एकशे शहात्तर, एकशे चार असा आकडा आला, तर हसत सुटला. "अक्का, मशीन बिघडलंय तुझं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, कसलं बीपी?" मी त्याला ओढतच आमच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दुखत नाही म्हणूनच मोजायचं. रोज गोळी, मीठ कमी, आणि बरं वाटलं तरी विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. "सरी, डॉक्टर, सरी," म्हणत मान हलवली पठ्ठ्यानं.

मग मी त्याला मशीन घेऊन दिलं आणि नियम घातला... सकाळी कॉफीच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि आकड्याचा फोटो साडेसातला मला. पहिले काही दिवस आकडे चढेच होते. फोटो आला की माझा फोन गेलाच. "काल लोणचं खाल्लंस ना?" "स्वल्पच गं, अक्का." "स्वल्प म्हणजे किती? अर्धी बरणी?" मग त्याच्या बायकोला, शालिनीला बोलवून तिचीही हजेरी घ्यायची. महिनाभरात आकडे उतरले. मी काय फुगले म्हणून सांगू! भेटेल त्याला फोटो दाखवायची. दवाखान्यात मात्र त्याचं बीपी जास्तच यायचं. तो म्हणायचा, "तुम्हाला बघून घाबरतो मी डॉक्टर, घरचं बघा," आणि मी लगेच माझा फोन पुढे करायची. डॉक्टर म्हणाले, एकदा ते मशीन घेऊन या, ताडून बघू. "पुढच्या वेळी आणतो," म्हणाला. ती पुढची वेळ आलीच नाही.

तेराव्यानंतर मी शालिनीजवळ राहिले. एका सकाळी मलाच अस्वस्थ वाटत होतं म्हणून तिला मशीन आणायला सांगितलं. तिनं ते टेबलावर ठेवलं, खुर्चीवर बसली, बांगड्या मागे सारल्या आणि आपला डावा हात टेबलावर ठेवला. मी काही बोलायच्या आधीच. मग आम्ही दोघी त्या हाताकडे बघत राहिलो.

"शालिनी... हा हात कशाला?"

ती रडायलाच लागली. "सवय झाली, अक्का." पहिल्या महिन्यातच त्यानं गोळी सोडली होती. जन्मभर कोण घेत बसणार, म्हणाला. एक दिवस आकडा फार आला, तेव्हा तिला म्हणाला, आज हे पाठवलं तर अक्का ओरडेल, तिचंच बीपी वाढेल, तू बस. तो एक दिवस पुढे रोजचा झाला.

फसवलंस रे मला, नागू. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पावणेदोन वर्षं रोज सकाळी भावजयीच्या दंडाचा आकडा बघून मी निर्धास्त कॉफी प्यायले, आणि तुझं खोटं माझ्याच हातानं डॉक्टरांपुढे धरलं. "तू तरी सांगायचंस," मी शालिनीवर ओरडले. ती डोळे पुसून म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मलाच ओरडला असतात." दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. राग अजूनही आहे, दोघांवर आहे.

ते मशीन आता माझ्याकडे आहे. कोरमंगलाला राहणारी माझी लेक, मेघना, हटून बसली की तूही रोज मोजून मला फोटो पाठव. पहिल्या दिवशी आकडा आला एकशे चौसष्ट, अठ्ठ्याण्णव. थोडं थांबून पुन्हा बघितलं, जवळपास तेवढाच. फोनमध्ये नागूचे ढीगभर फोटो आहेत, त्यातला एखादा पुढे ढकलायला कितीसा वेळ लागतो? अंगठा घुटमळला, खोटं कशाला सांगू. मग माझाच आकडा पाठवला, आणि लगेच फोन वाजला. "आई! काल काय खाल्लंस तू? कितीदा सांगितलंय मी..."

"मेघना," मी म्हटलं, "डॉक्टरांकडे घेऊन चल मला. पण ओरडू नकोस गं. ओरडलीस, तर उद्या मी मामाचा फोटो पाठवीन."