बाबांची चपटी सळई

निघायच्या दिवशी आईने बॅगेत डिंकाचे लाडू भरले, आणि बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन बोटं रुंद, चपटी सळई. पुण्याच्या कॅम्पातल्या एका इराणी हॉटेलात त्यांनी जन्मभर कबाब भाजले. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. “कांदा किसून पिळून काढ. पाणी राहिलं की खिमा सळई सोडतो,” हे त्यांनी दारातही पुन्हा ऐकवलं. लाडू ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीत काढून घेतले. सळई आली.

ऑकलंडच्या पापाकुरा उपनगरात नोकरी लागली ती तुर्की कबाबच्या दुकानात. इथे खिमा मळणं नाही, सळईवर बोटांनी दाबणं नाही. मांसाचे थर रचलेला खांब उभा फिरत असतो आणि मी मशीनने त्याची साल काढतो. रोटीत गुंडाळा, गार्लिक सॉस, चिली सॉस, नेक्स्ट प्लीज.

तुर्कांना कबाब येत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मालक हसनभाई कधीतरी स्वतःपुरता गावाकडचा करतात: मेंढीच्या शेपटीची चरबी, लाल मिरची, कांद्याचं नाव नाही. थेट कोल्हापूरशी सोयरीक! इराणी कबाब त्यामानाने पुणेकर. मसाला बेताचा, सोबत केशर घातलेला मोकळा भात, वर लोणी, आणि स्वतःबद्दल दांडगी खात्री.

शहरातल्याच बॉटनी भागात शीरीनबाईंनी इराणी हॉटेल काढलं. तिथे एकदा करून दाखवलेला माझ्या हातचा कबाब खाऊन म्हणाल्या, “ब्रदर, हे हात सॉस ओतायला नाहीत. कम टु मी.” पण माझ्या व्हिसावर हसनभाईंच्या दुकानाचं नाव आहे. नोकरी बदलायची तर पुन्हा अर्ज, आणि रेसिडेन्सी, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, अगदी तोंडाशी आलेली. बायको म्हणाली, “अरे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस.” खरं होतं तिचं. मला मात्र कोंडल्यासारखं होतं. मालक भला, हवा स्वच्छ, दार उघडं, आणि पाऊल काही बाहेर टाकता येत नाही. तुमच्यातले जे इकडे आलेत त्यांना हे सांगायला नको.

गेल्या रविवारी मागच्या अंगणात बार्बेक्यूवर ती सळई लावली. कांदा अगदी कोरडा होईपर्यंत पिळला. खिमा हलला नाही. व्हिडिओवर बाबा बघत होते, खूश होते. इथल्याच शाळेत वाढलेल्या आमच्या मीराने एक घास खाल्ला.

“यम, बाबा! व्हेअर्स द गार्लिक सॉस?”

“काय मागतेय रे पोर?” फोनवरून माझ्या बाबांनी विचारलं.

“लोणी मागतेय,” मी म्हणालो आणि फोन बायकोच्या हाती देऊन फ्रिजमधून सॉसची बाटली आणली.

सोमवारी शीरीनबाईंना नाही म्हणून कळवलं. घर कुठलं असं आता कुणी विचारलं तर मीराचं इथलं, एवढं नक्की सांगता येतं. मी त्या कांद्यासारखा पिळून कोरडा झालोय, म्हणून सळईला धरून आहे.