खळ्यावरचा फोटो

मी मेधा, मूळची यवतमाळची. माण गावात तुळजाबाईंच्या घरी एक खोली भाड्यानं घेऊन राहते. आठवडाभर कंपनीत मान मोडून काम करायचं आणि रविवारी बायकांचे फोटो काढायचे, हा माझा नाद. अट एकच. कुठं आणि कसं उभं राहायचं ते त्या बाईनं ठरवायचं, कॅमेऱ्याला जोडलेल्या लांब वायरीचं बटणही तिनंच दाबायचं.

तुळजाबाईंना फोटो हवा होता तो मेल्यावर भिंतीवर लावायला. त्यांच्या सुनेनं, रेश्मानं, स्टुडिओत एक काढून आणला होता. मागं निळा पडदा, गळ्यात सुनेचा हार, तोंड पीठ फासल्यासारखं गोरं. "ही कोन बया?" म्हणून तुळजाबाईंनी तो बाजूला सारला. गावात त्या कैलासची आई, भाडेकरूंना घरमालकीण. निदान भिंतीवर तरी आपण आपल्यासारखं दिसावं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

जागा निवडली ती रस्त्यापलीकडच्या कंपनीचं पार्किंग. पूर्वी तिथं त्यांचं भाताचं शेत होतं. मी कपाळाला हात लावला. वॉचमनच्या नाकदुऱ्या काढून आत शिरलो. तुळजाबाई गाड्यांमधून चालत राहिल्या, चुकल्या, मागं फिरल्या, शेवटी डोंगराकडं बघून एका जागी थांबल्या आणि पायातल्या चपला काढल्या. खाली फरशी तव्यासारखी तापलेली. इथं कुणा देवाचं ठाणं असणार, असं मला वाटलं. कोणता देव, म्हणून विचारलं तर हसल्या.

"द्येव न्हाई गं. खळं हाय आमचं. खळ्यात कुनी चपला घालून येतं व्हय?"

मीही मुकाट्यानं काढल्या. इथं त्या भात झोडायच्या, तान्ह्या कैलासला पाटीत निजवून. आजूबाजूच्या खळ्यांवरून बाया 'तुळजे' म्हणून हाक मारायच्या. ते सांगताना त्यांचा आवाज पोरीसारखा झाला. मला माझ्या आईची फार आठवण आली.

पाय भाजत होते. एक पाय उचलून, खळखळून हसत त्यांनी बटण दाबलं.

फोटो बघून रेश्मा म्हणाली, दात दिसतायत, पाय अधांतरी, पदर खांद्यावर, हा कसा लावायचा? कैलासदादा मात्र फोटोतल्या गाड्यांकडं बराच वेळ बघत बसले. जमीन विकल्याच्या कागदावर त्यांचीच सही होती.

"आई, खळं न्हवं का हे? हाच लावू."

"मग आत्ताच लाव की," तुळजाबाई म्हणाल्या. "मेल्यावर मला कुटं दिसतुया?"

कैलासदादांनी तेव्हाच खिळा ठोकला. भिंतीवर सासऱ्यांचा, सासूबाईंचा, नवऱ्याचा फोटो आहे. हार नाही तो फक्त तुळजाबाईंच्या फोटोला.