आबांचा डावा अंगठा

चौकात पडलेला उतारा चपलेनं बाजूला सारून पुढं जाणारी बाई आहे मी. भुताखेतांवर विश्वास काल नव्हता, आजही नाही. तरीही हे लिहितेय...

माझे वडील, आबा, अंथुर्ण्याचे. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली, जीभ जड झाली. थोरल्या भावानं, दादानं, आठवड्यात हात झटकले. मग मी त्यांना जळोचीत माझ्या घरी आणलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी रोबोटिक हातमोजा दिला – तो घातला की मोटर बोटं मिटवते, उघडते. काढला की हात मेलेला. तीन महिन्यांत एकही बोट आपणहून हललं नव्हतं.

एका रविवारी दुपारी दादा उगवला. स्टॅम्पपेपर आणि शाईचं पॅड घेऊन. सगळी जमीन त्याच्या नावावर करायची होती. बापाला 'कसं हाय' विचारलं नाही.

"उजवा घे की, तो चालतोय," मी खोचकपणे म्हटलं.

"गड्यामाणसाचा डावाच लागतो. तू गप ऱ्हा, तुजा काय संबंध न्हाय हितं."

मोजा तेव्हा टेबलावर, चार्जिंगला. दादानं आबांचा अंगठा शाईत दाबला, कागदाकडं नेला... आणि मूठ मिटली. अंगठा आत. दादा घामाघूम झाला, पण मूठ उघडेना. शेवटी शिव्या घालत निघून गेला. त्याची गाडी वळली तशी मूठ सुटली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आबा माझ्या बाजूनं आहेत, असंच मी धरून चालले.

मॅडम म्हणाल्या, अशा हातात कधी ताठरपणा येतो. पटलं.

पुढच्या आठवड्यात मी इंदापूरच्या वकिलाकडून माझा कागद करून आणला. निम्मी जमीन माझी. सेवा मी करतेय, मग हक्क नको? मोजा काढून ठेवला आणि आबांना काही न विचारता मी त्यांचा डावा अंगठा धरला.

मूठ मिटली. माझी दोन बोटं आत सापडली, मला ओरडता येईना इतकी कळ. आबा माझ्याकडं बघत होते. दुसऱ्या हातानं मी कागद चुरगाळून फेकला, तेव्हा बोटं सुटली.

ही गोष्ट मी मॅडमना सांगितलेली नाही. कागद कसला, असं त्यांनी विचारलं असतं. तो हात नंतर कधीच हलला नाही, आणि तेव्हा कसा हलला ते मला आजही कळलेलं नाही. पण आता मी ताट वाढलं की आबा भिंतीकडं तोंड करतात, आणि माझ्या नवऱ्यानं वाढलं की मुकाट जेवतात.