आतोबांची बारी

समुद्राला शिस्त लावायला निघालेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो माझ्या थोरल्या आत्याचा नवरा होता. आम्ही सगळी भाचरं त्यांना आतोबा म्हणत असू. सबंध हयात त्यांनी कालव्याच्या खात्यात काढली. पाटकरी म्हणून चिकटले आणि इन्स्पेक्टर होऊन राहात्याला पेन्शनीत निघाले. पाटाचं पाणी ज्याला त्याला ठरल्या वेळेला मिळतं, त्या वेळेला आमच्याकडे बारी म्हणतात. ब्रह्मदेवाने ही सृष्टी मुळात बाऱ्या लावता याव्यात म्हणूनच निर्माण केली, असा आतोबांचा प्रामाणिक समज असावा. दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे गेलो की अभ्यंगस्नानाचा तक्ता न्हाणीघराच्या दाराला आदल्या दिवशीच चिकटवलेला असे. पाव तासाच्या आत जो बाहेर आला नाही, त्याच्या दारावर काठी वाजे आणि उरलेला साबण अंगावर घेऊन त्याला बाहेर यावं लागे.

पंगतीत तर त्यांनी एकदा धाकट्या आत्याच्या नवऱ्याला कायमचं दुखावलं. कालव्याचा नियम असा की पाणी आधी शेवटच्या टोकाच्या शेताला द्यायचं, कारण वरच्या अंगाच्या लोकांनी आधी घेतलं तर खालपर्यंत थेंब पोचत नाही. आतोबा पुरणपोळीही याच नियमाने वाढायचे. पंगतीच्या टोकाला बसलेली कच्चीबच्ची दोन दोन पोळ्या खाऊन उठायला आली, तरी पाटावर पहिल्या जागी बसलेले जावईबापू मिठाकडे बघत होते. ते घुश्शात उठायला लागले तेव्हा आतोबा तूप घेऊन धावले, पण नमले नाहीत. "टेलला आधी, पाव्हणं," ते म्हणाले. "हेडवाल्याचं काय, त्यानं हात लांब केला की झालं. खालच्यानं कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

खालच्याच्या तोंडाकडे मात्र ते स्वतः बघत. बारीला शेतकरी हजर नसला की ती बारी बुडते आणि पाणी पुढच्याला जातं, असा खात्याचा कायदा. आतोबांइतका कायद्याचा कडवा माणूस दुसरा नव्हता. पण कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं, कोणाच्या घरात कर्तं माणूस उरलेलं नसलं, की इन्स्पेक्टरसाहेब पायजमा गुडघ्यावर गुंडाळून त्याच्या मोसंबीत जाऊन उभे राहायचे आणि खोऱ्याने आळ्यांना पाणी फिरवायचे. कोणी हटकलं तर म्हणत, "हजर कोन हाय ते मी बघतो ना? हाय की मानूस उभा." त्यांच्या वरच्या साहेबांना हे ठाऊक होतं म्हणतात, पण त्यांनीही कधी विचारलं नाही.

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिची एकच मागणी होती आणि ती तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून लावून धरली होती. तिला समुद्र बघायचा होता. "ज्याला बारी न्हाई असं पानी एकदा डोळं भरून बघायचं हाय मला," असं ती म्हणे. आतोबांचं उत्तरही ठरलेलं होतं, "उन्हाळी पानी उरकू दे, मग जाऊ." चैत्र-वैशाखात सगळा तालुका पाटाकडे डोळे लावून बसलेला असायचा, तेव्हा रजा मागणं त्यांना पाप वाटे. उन्हाळे असे तीसेक गेले. लढाई संपली त्या सुमारास आतोबांची पेन्शन मंजूर झाली, आणि ते घरी बसायच्या चार महिने आधी आत्या गेली.

त्यानंतर आतोबांनी जे सुरू केलं, त्याला आमच्या घराण्यात 'म्हाताऱ्याचं खूळ' असं नाव पडलं. अलिबागेच्या बाजूला, मुंबईची माणसं हवापालटाला येतात अशा एका गावात त्यांनी चैत्रातल्या आठ दिवसांसाठी घर घ्यायला सुरुवात केली. फाल्गुन लागला की सगळ्या नातेवाइकांना कार्डं यायची. पुणतांब्याला कुठली गाडी धरायची, मनमाडला किती वेळ बसायचं, मुंबईहून आगबोट कुठून सुटते, हे सगळं असे. आणि शेवटी, 'तुमच्या नावाची बारी लावली आहे, कृपा करून बुडवू नये.' अकरा जणांना आमंत्रण असे. माझ्या वडिलांची विहीर चाललेली असायची, काकांच्या मुलाची परीक्षा असायची, धाकट्या आत्याच्या यजमानांना रजा मिळायची नाही, आणि मिळाली असती तरी ते गेले नसते. जो तो 'आम्हाला जमत नाही, पण बाकीचे येतीलच' असं उत्तर धाडून मोकळा व्हायचा. दोन वर्षं हे असं चाललं, आणि बाकीचे म्हणजे नक्की कोण, हे कोणीच कोणाला विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी गेलो. यात माझा मोठेपणा काही नव्हता. नगरच्या शाळेत मी नुकताच मास्तर झालो होतो, सुट्टी होती आणि समुद्र फुकटात बघायला मिळणार होता. बोटीतून उतरलो तर धक्क्यावर आतोबा दोन बैलगाड्या घेऊन उभे. माझ्यामागे कोणी उतरतंय का, हे त्यांनी बोट रिकामी होईपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "बाकीची मंडळी मागच्या बोटीनं का, मास्तर?"

मला खरं बोलवलं नाही. मी म्हणालो, "हो, बहुतेक."

एका गाडीत आम्ही दोघे बसलो आणि दुसरी रिकामी गाडी सगळ्या वाटेने आमच्यामागून आली. घरात अकरा सतरंज्या अंथरलेल्या होत्या, अकरा तांबे घासून पालथे घातलेले होते. भिंतीवर तक्ता होता. भरतीचं पाणी वर आलं की एकेकाने पाव पाव तास समुद्रात उतरायचं. पहिली बारी 'मंडळी' या नावावर होती. आतोबांनी आत्याला तोंडाने कधी नावाने हाक मारली नव्हती, तक्त्यातही मारली नाही.

समुद्राशी मात्र त्यांचं पहिल्या वर्षापासून वाकडं होतं. पाण्याची उंची मोजायची आकडे रंगवलेली फळी त्यांनी राहात्याहून नेऊन वाळूत रोवली, ती दुसऱ्याच दिवशी लाटेने नेली. घरमालकीण शेजारच्याच वाडीतली म्हातारी. तिने ती मैलभरावरून उचलून आणून दिली. त्याहून मोठा गुन्हा म्हणजे भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येई. आतोबा घड्याळ हातात घेऊन वाळूत ताटकळत आणि वहीत शेरा लिहीत, 'आज पुन्हा विलंब. कारण दिले नाही.' म्हातारीने एकदा समजावलं की हे सगळं चंद्रावर असतं. "मग त्याला नोटीस काढा," आतोबा म्हणाले. "कालव्याच्या वरच्या दारावर असला मानूस आमी एक दिस ठेवला नसता." मी हसत सुटलो. तेही हसले, पण शेरा खोडला नाही.

पहिल्या सकाळी चहा घेऊन मी बाहेर आलो तो आतोबा आधीच पाण्यात होते. धोतर वर खोचलेलं, डोक्याला रुमाल, हातात घड्याळ, गुडघाभर पाण्यात ताठ उभे. मला वाटलं, अंघोळ असेल. पाव तास झाला, ते बाहेर आले, तक्त्यावर 'मंडळी'समोर खूण केली आणि परत जाऊन उभे राहिले. मग माझ्या वडिलांच्या नावापुढे खूण. मग आईच्या. मग काकांच्या. माझ्या बारीला त्यांनी मला आत पाठवलं आणि स्वतः काठावर बसून पाय पुसले. नंतर पुन्हा उतरले. माझी सोडून बाकीच्या सगळ्या बाऱ्या त्यांनी उभ्याने काढल्या, एकही बुडू दिली नाही.

दुपारी ते गाडीवाल्यांना घेऊन धक्क्यावर गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकच गाडी सांगितली आणि चौथ्या दिवशी तो विषयच निघाला नाही. माझं खोटं त्यांना केव्हाच कळलं असणार. पण बोलले नाहीत, आणि मला ते सोसेना. अकरा सतरंज्यांच्या त्या घरात दोन माणसांनी समोरासमोर जेवायचं, आणि रोज सकाळी एका म्हाताऱ्याने आपल्या सगळ्या गणगोताच्या वतीने पाण्यात उभं राहायचं, हे बघवत नव्हतं. आठ दिवसांचं कबूल करून आलेला मी पाचव्या दिवशी सकाळी दुसरं खोटं बोललो. म्हणालो, शाळेचं काम निघालंय.

"काम हाय म्हनल्यावर जायाच पायजे," ते म्हणाले. दशम्या त्यांनीच बांधून दिल्या. मग जरा थांबून म्हणाले, "आन् तुझी बारी रं?"

"राहू द्या हो आतोबा. सोडून द्या."

"सोडून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अभद्र बोललो होतो.

रस्ता समुद्राच्या कडेकडेने जात होता. गाडी नारळांच्या आडून बाहेर आली तेव्हा मी वळून पाहिलं. भरती वर आली होती आणि आतोबा पाण्यात उभे होते. मी घड्याळ पाहिलं, ती माझीच बारी होती. गाडी थांबवावी, उडी टाकून मागे पळावं, असं फार वाटलं. बोट चुकेल म्हणून मी थांबवली नाही. याची लाज मला आजही वाटते.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आतोबा साध्या तापाने गेले. राहात्याला दहाव्याला आम्ही सगळे जमलो. कोणाची विहीर आडवी आली नाही, कोणाची परीक्षा नव्हती, रजा सगळ्यांना मिळाली. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पुढच्या चैत्राचा तक्ता तयार होता. वडिलांच्या नावापुढे शेरा होता, 'विहिरीला पाणी लागले, यंदा येतील.' काकांच्या नावापुढे, 'परीक्षा संपली, विचारले आहे.' माझ्या नावापुढे पूर्ण आठ दिवस होते आणि शेऱ्याची जागा कोरी होती. वडिलांनी तो कागद वाचला आणि उठून परसात गेले, ते बराच वेळ आत आले नाहीत.

पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि एका चैत्रात मी सगळ्यांना घेऊन त्याच गावी गेलो. मुलं पाण्यात हवी तेव्हा शिरत होती, हवी तेव्हा निघत होती. मी मात्र धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बायको काठावरून ओरडली, "अहो, थंडगार झाला असाल! झालं की आता!"

"आत्याची झाली," मी म्हणालो, "आतोबांची चालू आहे. अजून दहा मिनिटं आहेत."