न छापलेल्या बातम्यांचं क्रेडिट

माझ्या भाचीला कॉलेजात खोडरबर म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर.

शेवटच्या वर्षी तिला दोन क्रेडिट्स कमी पडत होती. ती मिळवायची तर मैदानावर घाम गाळायचा, नाहीतर विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात काम करायचं. घाम गाळायला कोण जातंय? वर्तमानपत्राच्या खोलीत खुर्च्या कमी आणि संपादक जास्त झाले. मुख्य संपादक, कार्यकारी संपादक, सहसंपादक. एक तर सल्लागार संपादकही होता. मिसरूड नुकतीच फुटलेली. सल्ला कुणाला द्यायचा तेवढं ठरायचं होतं.

वर्तमानपत्र बघणाऱ्या सरांचा नियम सोपा. अंकात ज्याचं नाव छापून येईल, त्याला क्रेडिट. मग काय! जिन्याखालचा नळ गळतो, अशी चार ओळींची बातमी आणि तिच्यावर सहा नावं. गळायचं काम नळ बिचारा एकटाच करत होता.

भाचीकडे बातम्या तपासायचं काम आलं, कारण ते कुणालाच नको होतं. ती तपासायची ती पायांनी. ‘वसतिगृहाची टाकी धुतली’ अशी बातमी आली की ही गच्चीवर चढून झाकण उघडणार. आत शेवाळ. बातमी बाद. ‘वाचनालय आता रविवारीही उघडं’ म्हटलं की ही रविवारी जाऊन कुलूप ओढून येणार. बातमी बाद.

वर्ष सरत आलं तेव्हा सर म्हणाले, “तुझं नाव कुठंच दिसत नाही गं. काम काय केलंस?”

“खोट्या बातम्या थांबवल्या, सर.”

“कुठायत त्या?”

“छापल्याच नाहीत ना.”

“मग क्रेडिट कशाचं देऊ?”

पदवी नाही तर ठरलेली नोकरीही जाणार. बहिणीने घर डोक्यावर घेतलं. मुख्य संपादक मात्र दिलदार. म्हणाला, “प्राचार्यांच्या मुलाखतीवर तुझंही नाव टाकतो. पाच आहेतच, सहावं तुझं.”

“मी एकही प्रश्न विचारला नाही रे.”

“आम्ही तरी कुठं विचारला? तेच बोलत होते.”

ही नाही म्हणाली.

“दादा, तुझ्यावर गेलीय कार्टी. समजाव तिला,” बहीण म्हणाली. मी काय समजावणार? मी गवंडी माणूस, न केलेल्या गिलाव्याची मजुरी मी कधी मागितली नाही.

मग तिनेच वाट काढली. ती यायच्या आधीच्या जुन्या अंकांतल्या चुकांच्या दुरुस्त्या आपल्या नावाने लिहायच्या. संपादक मंडळ हादरलं. “वर्तमानपत्राची अब्रू जाईल!”

“असली तर जाईल,” ही म्हणाली.

सरांनी परवानगी दिली. जुन्या अंकांत काय होतं हे ते विसरले होते.

पहिलीच दुरुस्ती सरांची. ‘सरांना मानाचा लेखन पुरस्कार,’ असं पहिल्या पानावर छापलं होतं. हिने आयोजकांना फोन केला. ते नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र होतं. सभागृहातल्या प्रत्येकाला मिळालं होतं, माइकवाल्यालासुद्धा.

“अगं, क्रेडिट ज्याच्या हातात, त्याच्याच शेपटीवर पाय?” मी म्हटलं.

“मामा, लिहिलंय ते खरं. पण त्यांना न विचारता कसं छापू?”

कागद घेऊन ती सरांपुढे उभी राहिली. सरांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मजकूर तोच राहिला.

“हे छापायलाच हवं का?”

“चूक की बरोबर, तेवढं सांगा सर.”

सरांनी कागद परत तिच्याकडे सरकवला. “बरोबर आहे. पण तो माइकवाला काढ.”

“त्यालाही मिळालं होतं, सर.”

दुरुस्ती माइकवाल्यासकट छापली. सरांनी क्रेडिट्स दिली. तेवढा माणूस त्यांच्यात शिल्लक होता. नळाच्या सहाही जणांना तेवढीच मिळाली.

आता भाची नोकरी करते. तिचं दुरुस्त्यांचं सदर मात्र कॉलेजात चालू राहिलं. त्यात नाव लावायला म्हणे झुंबड उडते. परवा तिने नवा अंक आणला. दुरुस्ती दोन ओळींची, वर नावं आठ: ‘जिन्याखालचा नळ गळत नाही. तो कधीच दुरुस्त झाला आहे.’

तिने वाचलं आणि चपला शोधायला लागली.

“अगं, आता कुणी क्रेडिट देणार नाही,” मी म्हणालो.

“माहितेय, मामा.”

तासाभराने परत आली ती कोपरापर्यंत बाही भिजवून.